मुरड

चाकं आधी आली, मापं नंतर.
टिप्टनच्या कोणा पोराकडून, अडीचशे पौंडांत चारही,
नेहमीपेक्षा दीड इंच रुंद, जुन्या पितळेच्या रंगाची.
एकीवर फुटपाथचा ओरखडा. "तो मी काढीन घासून,"
म्हणाली इरावती.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मी म्हटलं.
ती म्हणाली, आई, आपण अंथरूण वाढवणार आहोत.

क्रॅडली हीथ. फेब्रुवारीतला शनिवार.
भाड्याच्या गॅरेजचं पत्र्याचं दार अर्धं वर,
बादलीत बर्फाचा पापुद्रा,
आणि निळी हॅचबॅक, मागचं एक चाक काढलेली,
नाल ठोकायला उभ्या घोड्यासारखी
एक पाय वर धरून.

डेस्मंड आला मागच्या गल्लीतून.
एकतीस वर्षं मोटारींचे पत्रे ठोकलेले हात,
उजव्याचं मधलं बोट नीट मिटत नाही.
त्याने हबवर हत्यार बसवलं:
लांब दांडा, टोकाला पांढरा रूळ,
लाटण्याचा तुकडाच जणू.

आमच्याकडे ह्याला मडगार्ड म्हणतात, मी सांगितलं,
चिखल अडवणारं.
इथे म्हणतात विंग. पंख.
पत्रा तोच. त्याच्याकडून
कोणाला काय हवंय, एवढाच फरक.

कमानीच्या आत बोट घाल, म्हणाला. घातलं.
आत एक धार होती,
करंगळीच्या पेराएवढी रुंद, बाहेरून कधीच न दिसणारी.
खड्ड्यात गाडी बसली की हीच टायर कापते.
हिला आत, वरच्या अंगाला मुरडायचं.

मुरडायचं. त्याचा शब्द वेगळा होता, हा माझा.
करंजीची कड मुरडतात तसं.
माझी मुरड कधी धड आली नाही,
सासूबाई माझ्या करंज्या वेगळ्या ताटात ठेवायच्या,
त्या घरच्यांनी खायच्या.

हीट गन माझ्याकडे दिली.
एका जागी थांबू नकोस, म्हणाला.
पापड भाजताना कोणी थांबतं का?
गार पत्रा मुरडला तर रंग तडकतो,
जास्त तापला तर फोड येतात.
हाताला चटका लागावा
पण हात मागे घ्यावा लागू नये, इतपत.
हे तापमान मला मोजता येतं.
एकोणीस वर्षांची मुलगी आहे घरात.

रूळ फिरत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे,
मग दांडा एक आटा लांब,
पुन्हा इकडून तिकडे.
घाई केलीस तर कमानच लाटांची होते, डेस्मंड म्हणाला,
आणि इरावती, जी चहा गाळायलाही थांबत नाही,
गुडघ्यावर बसून पाऊण तास
अर्धा-अर्धा आटा फिरवत राहिली.

डाव्या बाजूला माझा फोन वाजला.
नुसतं बघितलं, घेतलाही नाही.
कट्.
निळ्या रंगात केसाएवढी रेघ, सव्वा इंच.
कोणी काही बोललं नाही.
इरावतीने नाक मुरडलं,
आणि मी गन पुन्हा चालू केली.

चाकं चढली. टायर आणि कमान, मध्ये दोन बोटं.
पण रिकाम्या गाडीचं काय खरं,
मागे वजन हवं, डेस्मंड म्हणाला.
म्हणून मागच्या सीटवर आम्ही तिघं:
खिडकीशी तो, मधे मी,
पलीकडे त्याची मोरीन, चर्चला निघाल्यासारखी,
पर्स मांडीवर.

शाळेपुढे चार गतिरोधक आहेत.
पहिल्याला सगळ्यांनी श्वास धरला.
दुसऱ्याला मोरीनने डोळे मिटले.
तिसऱ्याला काही नाही.
चौथ्याला डावीकडून, अगदी हळू,
पोत्यावर पाय पुसावा तसा आवाज.

"घासलं?" इरावतीने आरशात बघून विचारलं.
डेस्मंड खिडकीबाहेर बघत राहिला.
मी म्हटलं, माझ्या बाजूला नाही.
मी तर मधे बसले होते.

उतरताना मोरीनने कोट झटकला,
रेघेवर बोट फिरवलं,
ह्या निळ्याचं नेलपॉलिश माझ्याकडे आहे, म्हणाली,
आणि पुन्हा कधी वजन लागलं
तर सांगा.