कर्ता

विट्यात, यंत्रमागाच्या शेडवरच्या पत्र्याच्या खोलीत
सहा ते सात माझा इंग्रजीचा वर्ग.
खाली माग खटखटायचे, वर फळा थरथरायचा,
मी ओढलेली सरळ रेघसुद्धा
धोट्यासारखी इकडून तिकडे पळायची.

मी सांगितलं, आपलं क्रियापद शेवटी येतं,
सगळ्यांना वाढून मग जेवायला बसणाऱ्या बाईसारखं.
इंग्रजीत ते दुसऱ्याच पानावर बसतं,
कर्त्याच्या शेजारी, कर्माच्या आधी.
बाया हसल्या. मला वाटलं, समजलं.

छबुताई हारुगडे तिसऱ्या बाकावर.
नवरा गुंटूरला, सोनं गाळायच्या दुकानात, चौदा वर्षं.
तिच्या वहीतली वाक्यं बिनडोक्याची:
'विल कम इन दिवाळी.'
'सेंट मनी.'
'नॉट टेल व्हेन.'
प्रत्येकाआधी मी लाल फुली मारली.
कोण येणार? कोणी पाठवले?
'आमच्यात कळतंय की सर, न सांगता.'

खरंच होतं. 'येणार म्हणालेत'
यातल्या शेवटच्या एका 'त'मध्ये
अख्खा नवरा मावतो, मानासकट.
मी म्हटलं, इथं 'ही' लिहा.
'ही? ही तर मी.'
मग वर्ग जो फुटला तो साडेसहापर्यंत.

बाहेर मार्चचं ऊन, आणि धड्यात
'इट इज रेनिंग'.
'ह्यो इट कोण? ढग?'
नाही.
'पाऊस?'
तोही नाही. कोणीच नाही.
इंग्रजीला कर्त्याची खुर्ची रिकामी चालत नाही,
म्हणून एक नुसता बसवून ठेवलेला.
ती खिडकीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, 'म्हंजे रेशनकार्डावर असतंय तसं.
कुटुंबप्रमुख.'

यावर कुणी हसलं नाही.
मी खडू उगाच दुसऱ्या हातात घेतला.
व्याकरणात याला एक नाव आहे, मला ते येत होतं,
पण तेव्हा तोंडातून निघेना.

पुढच्या सोमवारी सर्वनामं.
फळ्यावर एक उभा दांडा, वर-खाली दोन आडव्या रेघा.
आय म्हणजे मी.
'आणि आमची आय?' मागून कुणीतरी.
छबुताईनं मात्र विचारलं,
'वाक्याच्या मधी आला तरी ह्यो मोठाच?'
मोठाच.
'आन् ही?'
मध्ये आला तर लहान लिपीत.
'नियम हाय?'
नियम आहे.
तिनं पट्टी घेऊन खाली दोन रेघा मारल्या.

एवढ्यात लाईट गेली.
खालचे माग एकदम थांबले,
आणि इतके दिवस ओरडून बोलणारे आम्ही
आपापल्या आवाजाला दचकलो.
अंधारात ती वाचत होती, सावकाश,
खडा निवडावा तसा एकेक शब्द उचलत:
आय पे लाइट बिल.
आय साइन.
आय फिल...
'सर, कांडीला काय म्हणत्यात?'

मला आलं नाही.
तसंच लिहा, म्हटलं. कांडी.