उघडं पाणी

करड्या रबराची एक चकती,
बशीएवढीसुद्धा नाही,
अकरा वर्षं उष्णतेशेजारी बसून बसून
पापडासारखी झालेली.
पहाटे तीन वाजून सतरा मिनिटांनी तडकली.

हवा निसटली, स्प्रिंग सुटली,
आणि वाफेच्या चार नळांपैकी एकाची झडप
कोणी न सांगता मिटली.

केर्तू निएमेला तेव्हा
राईच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवत होती.
तिनं मान वर करेपर्यंत
शंभरावर दांडे खालून वर घुसले होते,
जिथं पोचायचं तिथं पोचलेही होते.
पाव विरघळून कपाच्या तळाशी गेला.

वीस वर्षं घोकलेलं:
कुठलं बटण, कोणतं आधी, कोणाला फोन.
हात तयारच होता.
हाताला कोणी विचारलंच नाही.

मग भोंगा. भोंगा बंद केल्यावर
भिंतीपलीकडचं टर्बाइन,
दाणे संपलेल्या जात्यासारखं
नुसतं स्वतःच्या वजनावर फिरत राहिलेलं.

गावात एकही दिवा लुकलुकला नाही.

भट्टी बंद पडली म्हणजे विझली
असं बाहेरच्यांना वाटतं.
सरपण ओढून घेतलं तरी
चुलीच्या पोटात धग उरतेच;
फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसावं
तसं तिला पाणी पाजत बसावं लागतं.
तासाभरानं दीड टक्का, केर्तूनं वहीत लिहिलं.
उजाडताना एक.

ओइवा सकाळी आला.
टेबलावर चकती, प्लास्टिकच्या पिशवीत, वर नंबर.
मागच्या शरदात त्यानंच लिहिलं होतं:
'चालेल. पुढच्या बंदच्या वेळी बदलू.'
अक्षर त्याचं, सही त्याची.
या किनाऱ्यावर तसंही कोणी फार बोलत नाही,
पण हे न बोलणं निराळं होतं.
त्यानं पिशवी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून
केर्तू बांधावर गेली.
भट्टीचं कोमट पाणी इथं समुद्रात पडतं;
सगळं आखात गोठलं तरी
एवढा तुकडा उघडा राहतो,
आणि त्याच्या भरवशावर
एकवीस हंस दक्षिणेला गेलेच नाहीत.

पाणी अजून हलत होतं, पण काठाकाठानं
दुधावर साय धरावी तसा बर्फ.
हंस मधोमध सरकलेले.
एक जण चोचीनं कड फोडून बघत होता.

नवी चकती, तपासणी, परवानगी,
तिनं हातमोज्यातच बोटं मोजली:
चार दिवस.
छे, पाच.
थंडी उणे एकोणीस.