एकशे चव्वेचाळीस झाकणं

आमच्या शाळेत पाच कॉम्प्युटर आहेत.
दोन चालतात,
तिसरा चालल्यासारखं करतो.
कीबोर्ड फ्रेंच. दुसरा कुणी पाहिलेलाच नाही,
म्हणून आमच्यासाठी तोच सरळ.

जूनमध्ये अँत्सिराबेला थंडी असते.
बोटं आधी काखेत धरायची, मग कळांवर ठेवायची.
हाइंगु खुर्चीवर, तिच्या खांद्याशी अकरा जण,
पडद्यावर परीक्षेचा फॉर्म.
आडनावाच्या चौकटीत ती एकेक अक्षर टाकत गेली
तांदळातले खडे वेचावेत तशी:
रासुलुफुनिरिना
आणि र.
पुढची कळ दाबली. काहीच नाही.
पुन्हा दाबली.
कर्सर लुकलुकत राहिला,
दारात उभं राहून ‘आत जागा नाही’ म्हणणाऱ्यासारखा.

तिचं आडनाव अठरा अक्षरांचं. चौकट पंधराची.
आमच्याकडे नाव म्हणजे अख्खं वाक्य असतं,
तिच्या वाक्यात आहेत
मनापासून मागितलेले हजार कोंब.
चौकटीनं ते हजारातल्या ‘ह’वर तोडलं.

“सर, मशीन दमलं का?”

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात वीज गेली.
रोज दहाला जाते, आज पावणेदहालाच.

मग सगळे अंगणात.
तान्तेलीच्या मामाची टपरी आहे,
तिथून बाटल्यांच्या झाकणांचं पोतं आलं.
मी म्हणालो, मशीनला अक्षर कळत नाही.
त्याला एवढंच कळतं: आहे, की नाही.
झाकण उताणं म्हणजे आहे,
पालथं म्हणजे नाही.
एका अक्षराला आठ झाकणं.

पुठ्ठ्यावरचा तक्ता बघून तान्तेली ओरडू लागला,
आणि हाइंगु गुडघ्यांवर बसून मांडू लागली
नावातलं पहिलं अक्षर:
पालथं, उताणं, पालथं, उताणं,
पालथं, पालथं, उताणं, पालथं.
“एवढंच?”
एवढंच. याच्याखाली काही नाही.
फोटोसुद्धा, गाणंसुद्धा, तुझ्या मावशीचा
रेयुनियनहून येणारा व्हिडिओसुद्धा
असाच, फक्त झाकणं फार.

अठरा ओळी झाल्या.
विहिरीपासून फाटकापर्यंत तिचं आडनाव उन्हात पडलं.
कुणी पाऊल टाकेना त्यावर.

कोंबडीला हे सांगणार कोण?
ती आली, सतराव्या ओळीच्या टोकाशी टोचलं,
शेवटचं पालथं झाकण उताणं झालं.
तक्ता पाहिला तर व्हीचा डब्ल्यू झालेला.
आमच्या मुळाक्षरांत डब्ल्यू नाहीच.
एका झाकणानं पोरगी परदेशी झाली!
सगळे हसले. मीही.
हाइंगुनं झाकण परत पालथं केलं
आणि कोंबडीला हाकलताना विचारलं,
“मग चौकट पंधराची कुणी केली?
झाकणं तर पोतंभर आहेत.”

मी तिला सांगितलं जे मला माहीत होतं:
मशीननं नाही.
कुठल्यातरी खोलीत कुणीतरी बसला असेल,
त्यानं आकडा टाकला.
त्याचं नाव छोटं असेल.

अकराला वीज आली.
फॉर्म कोरा. आम्ही जतन केला नव्हता,
तेही आजच शिकायचं होतं.
तिनं पहिल्यापासून भरला, या वेळी न थांबता,
पंधरा अक्षरांवर बोट आपोआप उचललं,
आणि ‘पाठवा’ दाबलं.
मी शिक्षणखात्याला पत्र लिहीन म्हणालो.
लिहीनही. अशी तीन पत्रं कपाटात आहेत.

झाकणं पोत्यात भरताना तान्तेली मोजत होता.
एकशे वीस.
पुन्हा मोजली. एकशे वीस.
मी फाटकाकडे बघितलं.
हाइंगु उतारावरून घरी निघाली होती,
पुसपुसवाल्या गाड्यांच्या कडेकडेनं,
आणि प्रत्येक पावलाला
तिच्या स्वेटरच्या खिशात
काहीतरी खुळखुळत होतं.