मागून पाहणे

आठवीच्या पेपरात पाचवा प्रश्न, मार्क दोन:
अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. लुक आफ्टर.
शिकवलं होतं मी, फळ्यावर, चौकट आखून:
लुक म्हणजे पाहणे, आफ्टर म्हणजे नंतर,
पण दोघं एकत्र आले की
पाहणंही उरत नाही, नंतरही उरत नाही.
सांभाळणे. पाठ करा. परीक्षेला येते.

बहुतेकांनी केलं पाठ.
सूरज लोहटनं लिहिलं, ‘मंग पाहू’,
आणि मला केंद्रप्रमुख आठवले,
संडासाच्या दाराचा अर्ज डायरीत ठेवताना.
हसलो. शून्य दिलं.

कांचना नेवारेनं लिहिलं:
‘माझे बाबा गावच्या गाईंच्या मागून पाहतात.’
लाल रेघ. तिलाही शून्य.

संध्याकाळी आखराजवळ गाडी बंद करावी लागली,
गावचं सारं खांड रस्त्यावर.
पांढऱ्या गवळाऊ, दोन-तीन जर्सी,
एक आंधळं गोऱ्हं, पुढच्या शेपटीशी नाक लावून.
फुफाटा बसेस्तोवर मी आरसा पुसत होतो.
सगळ्यांत शेवटी परसराम नेवारे,
काठी मानेवर आडवी, दोन्ही हात तिला टांगलेले,
तोंड धुळीनं गिरणीवाल्यासारखं.
गुराखी पुढं चालतो असं मला वाटायचं.
चित्रात तसंच असतं.

किती आहेत, विचारलं मी, बोलायचं म्हणून.
‘मोजलं नाही जी कधी.’
मग एखादी मागं राहिली तर?
‘राह्यली थे दिसते ना, गुरुजी.
आहे थ्या कायले दिसतीन?’
बोलता बोलता वळला,
पळसांकडं पाहत राहिला,
कारण बोधनकरांची मोरी आली नव्हती.
मी किक मारली तरी तो तिकडंच पाहत होता.

रात्री गठ्ठा पुन्हा सोडला.
कांचनाच्या शून्याला शेपूट काढलं.
एक झाला. दोनपैकी.
खाडाखोड चालत नाही, म्हणून बाजूला सही केली.
सूरजचाही पेपर काढला होता,
पण ‘मंग पाहू’चं काय करावं ते सुचेना,
तसाच ठेवला.

सकाळी वर्गात शिरताच डोकी मोजली.
पट चौतीस, हजर बत्तीस.
दोनदा मोजली, बरोबर होती.
कोण दोघं नाहीत
ते कळायला मला हजेरीबुक उघडावं लागलं.
त्यातली एक तर दारातच उभी होती,
‘आत येऊ का जी’ म्हणत,
केव्हाची.