तुझी झाली असेल तर

चिवीचा हातपंप. तांबडं फुटायचंय अजून.
शुविराई विचारते, झोप झाली का?
आमच्या शोनात उत्तर ठरलेलं आहे:
झाली, तुझी झाली असेल तर.

रोज मी हे बोलून टाकायचे
बादली सरकवता सरकवता.

आज ती गप्प राहिली.
पोराचा ताप रात्रभर उतरला नव्हता.
पंपाचा दांडा वरच अडकला,
माझं वाक्यही तसंच,
अर्धं.

मी तर गाढ झोपले होते, घोरत;
नवरा सांगेल.
तरी आत्ता डोळ्यांत वाळू आली,
कालची रात्र मागे जाऊन उसवली.

म्हटलं, मग नाही झाली गं.
खोटं नव्हतं ते.

तिची बादली आधी भरली.