पाचवी सुई

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इमांट्स तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीत कोपरं टेकून.
मी खाली, कुल्दीगाच्या गारठ्यात,
मोपेडच्या पोटात हात घालून.

"डावीकडे! माझ्या नाही, तुझ्या डावीकडे!"
पाना घसरतो, बोटाचं सालटं निघतं.
गंजलेला नट म्हणजे सासरचं माणूस:
आधी तेल, मग धीर,
मग हातोडी.

कार्ब्युरेटर रॉकेलच्या डब्यात बुडवला,
बारीक भोकातून फुंकर मारली,
दिवसभर जिभेवर पेट्रोल.
पलीकडच्या गॅरेजमधला आर्टिस डोकावला,
"नवीच घ्या ना आता," म्हणाला,
आणि जाताना माझा दहाचा पाना घेऊन गेला.

मग मागच्या ब्रेकपाशी,
जिथे पिन असायला हवी,
तिथे चिखलाखाली काहीतरी वेगळंच. पुसलं.
हातमोजे विणायच्या संचातली
माझी पाचवी सुई,
आकड्यासारखी वाकवलेली.

अकरा हिवाळे चार सुयांवर रेटले मी.
त्याच्या बहिणीवर आळ घेतला,
नाताळला तिला बोलावणं बंद केलं.

सुई वर धरली. बोलले काहीच नाही.
तिसऱ्या मजल्यावरची खिडकी
हळूच लागली.

खोकाभर धुंडाळलं, मापाची पिन नव्हती.
सुई परत तिथेच बसवली,
त्याच्यापेक्षा घट्ट.
सहाव्या किकला इंजिन खोकलं, धरलं,
धूर वर चढत गेला,
तशी खिडकी बोटभर उघडली:
"चोक... चोक आत ढकल."

ढकलला. म्हटलं, रविवारी
याच ब्रेकच्या भरवशावर
तुझ्या बहिणीकडे जाणार आहे.