दुसरा शनिवार, साडेचार

फळ्यावर मी एकच गोष्ट दोनदा लिहितो,
डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी,
म्हणजे वर कोण खाली कोण हा प्रश्न उरत नाही.
तरी कुणीतरी विचारतंच, डावं आधी का?
मी म्हणतो, फळा उलटा टांगू काय?
मग चहा होतो.

खानापुरातल्या बंद कौलकारखान्याचं हापीस,
तेच आमचं संग्रहालय.
पगाराच्या खिडकीत आता नुसती वही:
नाव, गाव, शेरा.
बहुतेक जण लिहितात 'छान'.
एका पोरानं लिहिलंय, 'पंखा लावा'.

मागल्या महिन्यात विषय होता रेल्वेचे कंदील.
माणसं सात,
त्यातला एक लाइट बिल द्यायला आलेला.

या वेळी वीरगळ.
धारवाडहून हिरेगौडर सर आले,
भर उजेडात हातात बॅटरी,
झिजक्या अक्षरांवर तिरपा झोत टाकायला.
दगड शेजारी उभा, सत्कारमूर्तीसारखा,
शाल तेवढी नव्हती.
सर कन्नडात सुरू करत, मराठीत संपवत,
घाई झाली की दोन्ही एकात,
आमच्या रविवारच्या बाजारासारखं.
खाली लढाई, घोडा, मागं गाई.
मधे मेलेल्याला वर नेणाऱ्या अप्सरा.
माथ्यावर पिंड, चंद्र, सूर्य.
"इथं त्याचं नाव होतं," सर म्हणाले,
"पहिलं अक्षर मा, किंवा सा.
पुढचं काळाच्या ओघात झिजलं."

"काळानं न्हवं ओ सर,
म्या झिजवलं."

मागच्या बाकावर निंगव्वा परीट.
घाटावरचा दगड आम्ही टेम्पोत घालून आणला
तेव्हापासनं ती येते अधूनमधून,
वहीत अंगठा,
शेरा कोरा.

"सासूनं धुतलं, तिच्या सासूनं धुतलं, मग म्या.
पाठ गुळगुळीत, तिकडं कापड सरकतंय.
ह्या अंगाला मळ सुटतोय.
घोड्याच्या पायापाशी तर कॉलर अशी निघायची..."
आणि तिनं रिकामं मनगट हवेत फिरवलं,
दोनदा, आणि पिळलं.

कुणी हललं नाही.
चिटणीस घसा साफ करून म्हणाले, "अज्ञानामुळं कधी कधी..."
सरांनी त्यांच्यावरच बॅटरी धरली.
मग तिला विचारलं,
"तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा ओळी किती होत्या?"

मी पंचवीस वर्षं कारखान्यात कौलं मोजली,
इथं सहा वर्षं दगड मोजतोय,
हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"वाचाय येत न्हाई मला.
पण बोटाला लागायच्या."
ती उठून आली, चप्पल बाकाखाली ठेवून.
'स्पर्श करू नये' अशी पाटी आहे तिथं, दोन्ही भाषांत.
तिनं त्याच्याखालीच तळवा टेकला.
"हितं एक. हितं एक.
ही वाटोळी, लई दिस टिकली. साबण अडकायचा हिच्यात.
मग खाली शेपूट. मग परत वाटोळं."

सर चहाच्या बिलामागं लिहीत होते.
तीन अक्षरं लिहिली.
दोन खोडली.
"पुन्हा सांगा, शेपूट कुठल्या हाताला?"
तिनं डोळे मिटले,
वाकली, जशी पाण्याकडं तोंड करून वाकत असेल,
आणि मग म्हणाली, "उजव्या."

उपस्थिती: एकोणीस.
मी दगडाखालचं कार्ड काढून खिशात घातलं,
'कालौघात' हा शब्द त्यावर मीच टाइप केला होता.
नवं अजून लिहिलेलं नाही.
डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही.

फळा मात्र पुसला.
पुढचा दुसरा शनिवार, साडेचार, निंगव्वा परीट.
"विषय काय घालू?"
"विषय कशाला? दगड हाय की."
जाताना पदरानं तिनं घोडा पुसला,
चप्पल घातली,
आणि दारात वळून म्हणाली,
"पाणी ठेवा मातर. बादलीभर."